समतोल कोणाचा?

मराठीतील पर्यावरणविषयक लेखनात ‘निसर्गाचा समतोल’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्याची उलटतपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. प्रत्येक जीवाची नेमून दिलेली जागा, प्रत्येकाचे ठरलेले काम, आणि म्हणून सर्वत्र सुसंवाद! हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. चातुर्वर्ण्याचे समर्थक समाजाविषयी हेच सांगत आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये याच युक्तिवादाची चिरफाड केली. जंगलावरून गाव सिद्ध करायचे नि गावावरून जंगल, असा हा कारभार.

विज्ञान तेथे थांबलेले नाही. परिसंस्था एका बिंदूवर स्थिर नसते, धक्के पचवीत बदलत राहते, मात्र मर्यादेपलीकडे रेटली की तिचे रूपच पालटते, अशी मांडणी सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ साली केली. मग धक्का मागे घेतला तरी पूर्वरूप परतेलच असे नाही.

पावसच्या आसपासचा सडा पाहा. मे महिन्यात भाजून काळा पडलेला जांभा, आषाढात त्यावर डबकी, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं नि गेंद. येथे मातीला कस नाही, म्हणून सीतेची आसवं सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. येथील विविधता बदलावरच जगते. १९६३ साली डोर्ले गावच्या नमुन्यांवरून एका पालीची शास्त्रात प्रथम नोंद झाली. ती सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहते. कातळ फोडून, बाहेरची माती भरून हापूसची कलमे लागली आणि सुटे दगड गडग्याला गेले, की तिचे घरच जाते. हा ऋतूचा बदल नव्हे. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने या कामाला सरकारी बळ दिले. कागदोपत्री जमीन ‘पडीक’च होती ना!

पांढरपेशा निसर्गप्रेमी येथे कलम लावणाऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. ते आम्हाला मान्य नाही. ज्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात विधेयक आणले आणि जी मोडणारा कायदा व्हायला १९४९ उजाडले, तिच्याखाली या जिल्ह्यातील कुळांच्या पिढ्या गेल्या. अशा कुळाने वाट्याच्या कातळात चार कलमे जगवली तर तो गुन्हेगार नव्हे. शेकडो कलमांच्या बागा कोणाच्या, आणि गडगे उठल्यावर सड्यावर गुरे चारणाऱ्या, गवत कापणाऱ्या भूमिहीनाने जायचे कोठे, हे विचारा.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्याच्या २००४ च्या नियमांत गावसमितीवर नेमायच्या सहा जणांत अनुसूचित जाती-जमातींचे किमान १८ टक्के असत. हिशेब एका माणसाच्या जरा वर भरे. २०२३ च्या दुरुस्तीने तर ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्याला लाभवाटपातूनच सूट दिली. ज्यांना अक्षरबंदी होती त्यांच्या तोंडचे ज्ञान ग्रंथात कोणी नेले, हा प्रश्न कायद्याला पडलेला नाही. गावाच्या नोंदवहीत सीतेची आसवं येईल. सड्यावरच्या गुराख्याने तिला काय नाव दिले, ते विचारायला त्याच्या वाडीवर अजून कोणी गेलेले दिसत नाही.