सोपाऱ्याची डबी आणि सोपाऱ्याचा दगड

सोपाऱ्याचे नाव निघाले की हटकून एका डबीची गोष्ट सांगितली जाते. गोष्ट आहेही मोठी मोहक. 1882 च्या एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वसईजवळच्या या जुन्या बंदरात ‘बुरूड राजाचा कोट’ नावाची टेकडी खणविली; तो निघाला बौद्ध स्तूप. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा! आणि सोन्यात जपून ठेवलेले काय, तर मातीच्या पात्राचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे हे तुकडे असावेत, असा पंडितांचा तर्क.

या उत्खननावरचा पंडितांचा निबंध आजही वाचावा असा आहे. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेला हा जुनागढचा विद्वान वस्तू आधी नीट पाहतो, अर्थ मागाहून लावतो. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. त्यावरून स्तूप दुसऱ्या शतकाचा ठरला. पण करंडकाभोवती मांडलेल्या आठ मूर्ती, म्हणजे सात बुद्ध व भावी बुद्ध मैत्रेय, आजचे अभ्यासक आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानतात. म्हणजे सहा-सातशे वर्षांनी कोणी तरी हा स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा मिटविला! आमचे कथेकरी लेखक नेमकी हीच गोष्ट गाळतात. सोन्याने डोळे दिपले की असे होते. वास्तविक एवढ्या काळानंतरही बंदरात श्रद्धा होती व तिच्यासाठी खर्च करणारा हात होता, हे या मूर्तीच सांगतात.

निबंधाचे मोठे उणेपण असे की, त्यात स्तूप आहे, शहर फारसे नाही. ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपाऱ्याचे नाव येते, कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या दात्याचा लेख आहे. पण गलबते कोठे लागत, माल कोठे उतरे, हमाल कोठे राहत, हे डबीला विचारून कळणार नाही.

मला स्वतःला डबीपेक्षा दगड मोलाचा वाटतो. त्याच वर्षी पंडितांना तेथे अशोकाच्या आठव्या धर्मलेखाचा फुटका तुकडा मिळाला. राजांच्या शिकारीच्या सफरी सोडून आपण धर्मयात्रा सुरू केल्या, असे त्या लेखात सम्राट सांगतो. आम्हां चिमूरकडच्या, वाघाच्या रानालगत राहणाऱ्या माणसांना हे वाक्य परके वाटत नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातील देवटेकच्या शिळेवर मौर्यकालीन ब्राह्मीत प्राण्यांना धरू-मारू नये अशी आज्ञा आहे. तिच्यावरच पुढे वाकाटक रुद्रसेनाचा लेख कोरला गेला. म. म. मिराशींनी तिचे वाचन केले. शिळा नागपूरच्या संग्रहालयात आहे. समुद्रकाठचे बंदर आणि वैनगंगेकडचे रान दोन्ही एकाच राजाच्या बोलण्याच्या टप्प्यात होती, हे डबीने नव्हे, दगडांनी दाखविले.

डबी मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे जपलेली आहे. तिला पाहुणे मिळतात. दगडाला कमी मिळतात. 1956 साली भुईगावला नवव्या धर्मलेखाचाही तुकडा सापडला. चौदांपैकी हे दोन. उरलेले बारा अद्याप हाती लागलेले नाहीत.