होन, वराह आणि पॅगोडा : एका व्युत्पत्तीची परीक्षा

दक्षिणेंतील एका जुन्या सुवर्णनाण्यास मराठी कागदांत 'होन', फारशींत 'हून', कर्नाटकांत 'वराह' व यूरोपीय व्यापाऱ्यांच्या दप्तरांत 'पॅगोडा' म्हटलें आहे. ह्या नांवांच्या उगमाविषयीं आपले अभ्यासक बहुधा यूल व बर्नेल ह्यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशावर (१८८६, क्रुककृत दुसरी आवृत्ति १९०३) विसंबतात. ग्रंथ मोठ्या व्यासंगाचा आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु होनाविषयीं त्यांत दोन परस्परविरुद्ध मतें आहेत. एके ठिकाणीं हा शब्द कानडी 'होन्नु' पासून आला असावा, हें विल्सनचें मत दिलें आहे. 'पॅगोडा' शब्दाखालीं मात्र तो 'सोना' ह्याचेंच रूप असून स-ह-व्यत्ययाचें उदाहरण होय, असें निश्चयानें सांगितलें आहे.

दुसरें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. 'सिंधु' चा 'हिंदु' व 'सप्त' चा 'हफ्त' होतो खरा. पण तो इराणी भाषांचा नियम आहे. तो येथें लावावयाचा तर हा शब्द इराणांतून आला, असें दाखविलें पाहिजे. आणि फारशींत तर सोन्यास 'जर' म्हणतात. मराठींत 'सुवर्ण' पासून 'सोनें' झालें, त्यांत स कायम आहे. मग त्याच शब्दाचा त्याच भाषेंत 'होन' कां व्हावा ?

कानडीकडे पाहिलें म्हणजे कोडें सुटतें. त्या भाषेंत शब्दारंभींच्या 'प' चा कालांतरानें 'ह' झाला. तमिळांतील 'पाल्' (दूध) तो कानडी 'हालु', 'पुलि' (वाघ) तो 'हुलि', आणि 'पोन्' (सोनें) तो 'होन्नु'. हा नियम व्यापक आहे. एका शब्दाच्या सोयीसाठीं केलेला नाहीं. त्यावरून हेंही निघतें कीं, हा बदल घडल्यानंतरच 'होन' मराठींत आला. १९४९ सालीं सातारा जिल्ह्यापासून दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० पासून त्यास सांगली हें नांव आहे. त्यांतील जत भागांत कानडी आजही बोलली जाते. तेव्हां हा शब्द दुरून आणावा लागला नाहीं.

'हून' हें रूप लिपीमुळें झालें असावें. फारशी लिपींत 'वाव' हें एकच अक्षर ओ व ऊ ह्या दोन्ही स्वरांचें काम करतें. 'हून' वाचून हूण लोकांची आठवण होणें साहजिक आहे. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे प्रमाण नव्हे.

इतर नांवांची कथा निराळी. वराह हें नांव नाण्यावरील वराहमूर्तीवरून पडलें. पोर्तुगीज 'पागोद' म्हणजे मूर्ति, देऊळ व नाणें; त्याचा उगम कोणी फारशी 'बुतकदा' त, कोणी संस्कृत 'भगवती' त शोधतात. गोव्याकडील 'पारदाव' हा 'प्रताप' ह्या बिरुदाचा अपभ्रंश. म्हणजे एका नांवास धातु कारण, दुसऱ्यास चिन्ह, तिसऱ्यास देवमूर्ति, चौथ्यास लेख. तीं एकमेकांचीं भाषांतरें नव्हेत.

शिवछत्रपतींच्या होनावर मूर्ति नाहीं; 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' हीं अक्षरें मात्र आहेत. तरीही १६७४ सालीं रायगडीं आलेल्या ऑक्झिंडेनानें महाराजांच्या सुवर्णतुलेचें वजन पॅगोडांतच नोंदलें. तोंपर्यंत तें नांव मूर्तीपासून सुटून वजनाचें माप झालें होतें, हें उघड आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाहीं. मद्रासेस १८१८ पर्यंत हिशेब पॅगोडांत चालत. एका पॅगोड्याचे ४२ फलम, व त्या सालीं त्याची किंमत साडेतीन रुपये धरली गेली. जुन्या सनदेंतील होनास 'पॅगोडा' म्हणून हाच दर लाविला, तर इनामाचा व वसुलाचा सारा हिशेब चुकतो. सभासदानें तर शिवकालीन खजिन्यांतील देवराई, अच्युतराई, धारवाडी, शिवराई असे होनांचे नाना प्रकार वेगळे नोंदले आहेत. म्हणून सातारा-सांगलीकडील ज्या संग्राहकांपाशीं असे कागद आहेत, त्यांस आमची विनंति इतकीच कीं, होनामागील विशेषण गाळूं नये, व सूचींत मूळ शब्दाच्या जागीं 'पॅगोडा' लिहूं नये. कोशकारांचें मत पुढें बदलतां येतें. गाळलेलें विशेषण मूळ कागद जीर्ण झाल्यावर कोठून आणावयाचें?