‘कट्यार’चं घराणं कोणतं?



मागच्या खेपेला आपण परंपरा या शब्दाविषयी बोललो होतो. परंपरा म्हणजे नक्की काय हातात दिलं जातं, देणारा कोण, घेणारा कोण, असा तो प्रश्न होता. बोलणं जरा हवेत राहिलं, अशी तक्रार आली. तक्रार रास्त आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हवेत राहायची सवय असते. म्हणून आज एक नाटक घेऊ: ‘कट्यार काळजात घुसली’. त्यातली पदं आम्ही म्हणून दाखवणार नाही, घाबरू नका. पदांविषयी पुष्कळ बोललं गेलंय. हे नाटक ज्यांनी उभं केलं, त्या माणसांच्या वाटचालीविषयी बोलायचंय. कारण आमचं म्हणणं असं आहे की नाटक जो प्रश्न विचारतं, त्याचं अधिक खरं उत्तर नाटकाच्या संहितेपेक्षा या माणसांच्या आयुष्यात सापडतं.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे, तरी दोन वाक्यांत सांगतो. विश्रामपूर नावाचं संस्थान. राजगायकाचं पद पंडित भानुशंकरांकडून खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्याकडे जातं. त्या पदाबरोबर हवेली येते आणि एक कट्यारही येते. पंडितजींकडे शिकायला म्हणून सदाशिव नावाचा तरुण येतो, तर हवेलीत खाँसाहेब. आता खाँसाहेबांचं गाणं त्याला हवं आहे, आणि ते तर घराण्याबाहेर सूरही जाऊ द्यायला तयार नाहीत. मग तो चोरून ऐकतो. विद्या कुणाच्या मालकीची, आणि विद्या घेतली म्हणजे कला आली का, हे नाटकाचे दोन प्रश्न आहेत. वरवर ती गाण्याची जुगलबंदी वाटते. आमच्या मते तो मालकी हक्काचा दावा आहे.

आता माणसांकडे येऊ. नाटक रंगभूमीवर आलं १९६७ साली, प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’कडून. आधी तो काळ नीट डोळ्यांसमोर आणा. संगीत नाटकाच्या जुन्या मंडळ्या केव्हाच बसल्या होत्या. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’पासून, म्हणजे १८८२ पासून, ते बालगंधर्वांच्या काळापर्यंत नट मंडळीत राहायचा, मंडळीत जेवायचा, तिथंच तालीम घ्यायचा. बोलपट आला आणि ते बिऱ्हाड मोडलं. १९६७ साली गाणाऱ्या नटाला असं घर नव्हतं. त्याला प्रयोगाची ‘नाइट’ मिळायची. बाकी पोटासाठी नोकरी.

नोकरीचं म्हणाल तर वसंतराव देशपांड्यांकडे बघा. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. वाढले नागपुरात, आईच्या कष्टावर. लहानपणी भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाले. पुढं कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. दिवसा आकडे, रात्री गाणं. नोकरी सुटली आणि पूर्ण वेळ गाण्याला मिळाला, तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. खाँसाहेबांची भूमिका हाती आली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी. आजच्या भाषेत ‘करिअर’ म्हणतात ना, ते त्या वयात बहुतेकांचं मावळतीला लागलेलं असतं.

त्यांचं शिक्षण बघा. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे. पुढं किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ. आणि डोक्यात सतत दीनानाथ मंगेशकर. आता याचं घराणं कोणतं सांगाल? मैफलीच्या जगात हा प्रश्न नुसत्या चौकशीचा नसतो. तुम्हाला आत बसवायचं की बाहेर, हे त्यावर ठरतं. वसंतरावांना तो प्रश्न वारंवार विचारला गेला, आणि माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं, अशा अर्थाचं उत्तर ते देत, असं सांगितलं जातं. ऐकायला ते उत्तर बाणेदार वाटतं. पण त्याच्या मागं किती वर्षांचं बाहेर बसणं आहे, तेही ऐकू यायला हवं.

आणि म्हणून आम्हाला या भूमिकावाटपाचं मोठं नवल वाटतं. ज्या माणसाला घराण्यांनी आपला म्हटलं नाही, त्यानं रंगभूमीवरचा सर्वांत कडवा घराणेदार उभा केला. खाँसाहेबांचा अहंकार आपल्याला दुष्टपणा वाटत नाही. त्यात जखम दिसते. वर्षानुवर्षं दारात ताटकळलेला माणूस आत शिरला की दार लावून घेतो. हे वसंतरावांच्या गळ्याला समजलेलं होतं. नुसत्या अभिनयानं ते आलं नसतं, असं आमचं मत आहे.

दुसरा माणूस जितेंद्र अभिषेकी. गोव्यातलं मंगेशी हे गाव. वडील कीर्तनकार, घरात देवळाचं गाणं. तिथून गिरिजाबाई केळेकर, मग मुंबईत आकाशवाणीची नोकरी, अझमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित, पुढं गुलुभाई जसदनवाला. म्हणजे एकाच ठिकाणी मुळं रोवून बसलेला हाही गवई नव्हे. संगीतकार म्हणून १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी नाट्यपदाला वेगळी चाल दिली. पूर्वी पुष्कळदा तयार बंदिशीवर शब्द बसवले जात. अभिषेकी प्रसंग बघत, पात्र बघत, आणि मग चाल बांधत.

‘घेई छंद’ हे पद घ्या. शब्द तेच, पण दोन वेळा दोन वेगळ्या गायकींत येतं. पंडितजींच्या परंपरेतलं ते सालगवराळीत, संथ, आत वळलेलं. खाँसाहेबांचं धानीत, चपळ, अंगावर येणारं. एरवी व्याख्यानं देऊन समजावावा लागणारा फरक श्रोत्याला पाच मिनिटांत कळतो: विद्या एक असेल, कला दोन होतात. आता सांगा, एकाच घराण्यात आयुष्य काढलेल्या संगीतकाराला दोन्ही बाजू इतक्या सारख्या मायेनं बांधता आल्या असत्या का? आम्हाला शंका आहे. दोन गायकींच्या भांडणात न्याय देण्यासाठी दोन्हीकडचं मीठ खाल्लेला माणूस लागतो.

तिसरे पुरुषोत्तम दारव्हेकर. यांचं नाव आम्ही मुद्दाम सावकाश घेतो, कारण सभागृहात ‘कट्यार’ म्हटलं की टाळी वसंतरावांना आणि अभिषेकींना पडते. नाटक लिहिलं दारव्हेकरांनी, पदंही त्यांचीच. नागपूरचे मास्तर. ‘रंजन कला मंदिर’ उभं करणारे, मुलांसाठी नाटकं लिहिणारे, पुढं आकाशवाणी आणि दूरदर्शनमध्ये काम केलेले. आणि याच माणसानं काम्यूच्या ‘कॅलिगुला’वरून ‘चंद्र नभीचा ढळला’ लिहिलं. आम्ही तत्त्वज्ञानवाले काम्यूवर पेपर वाचत बसतो. हे मास्तर त्याला मराठी रंगमंचावर घेऊन आले. एकीकडे सत्तेनं झपाटलेला रोमन सम्राट, दुसरीकडे विद्येची सत्ता हाती आलेला गवई. या दोघांत नातं आहे, असं आम्हाला वाटतं. अमर्याद अधिकार मिळालेला माणूस काय करतो, हेच दोन्हीकडे पाहिलं जातं. खाँसाहेबांना एक खून माफ असलेली कट्यार मिळते, ती उगीच नव्हे.

आता स्तुती पुरे. टीकेचं नाव घेऊन बसलोय, तर दोन गोष्टी स्पष्ट बोललं पाहिजे.

पहिली. नाटक मालकीचा प्रश्न उभा करतं आणि तो एका माणसाच्या मोठेपणावर सोडवतं. खाँसाहेबांचं मन बदललं, म्हणून सदाशिव वाचला. बदललं नसतं तर? विद्या देणं ही देणाऱ्याची मर्जीच राहते. ज्याला चोरून ऐकावं लागलं त्याचा काही हक्क होता का, याचं उत्तर नाटक देत नाही. टाळ्यांच्या गजरात आपण ते विसरतो.

दुसरी झरीनाविषयी. खाँसाहेबांची ही मुलगी घरातलं गाणं कानात घेऊनच वाढलेली. मग घराण्याचा वारस कोण, या भांडणात तिचं नाव गंभीरपणे का येत नाही? वाद दोन पुरुषांतला, मुलगी मध्यस्थ. इथंही उत्तर संहितेबाहेर मिळतं. ती भूमिका गाजवली सोलापूरच्या फैयाज यांनी. गाणं आणि अभिनय दोन्ही घेऊन त्या पुढची कित्येक दशकं मराठी रंगभूमीवर राहिल्या, आणि २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. झरीनाला नाटकानं जे दिलं नाही, ते फैयाजबाईंनी आपल्या कामानं मिळवलं.

आता थोडं पुढचं. वसंतराव १९८३ साली गेले, अभिषेकी १९९८ साली. नाटक २०१० मध्ये पुन्हा उभं राहिलं. दिग्दर्शक सुबोध भावे, खाँसाहेब वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, सदाशिव अभिषेकींचे शिष्य महेश काळे. लोक म्हणाले, वारसा चालू राहिला. आम्ही म्हणतो, जरा थांबा. आजोबा गेले तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता. समोर बसून तालीम मिळण्याचा प्रश्नच नाही. तो शिकला दुसऱ्या गुरूंकडे, आणि आजोबा त्याला भेटले ध्वनिमुद्रणांतून. म्हणजे बघा, खाँसाहेबांच्या खुर्चीवर बसलेला हा कलावंत प्रत्यक्षात सदाशिवासारखा शिकला, भिंतीपलीकडून ऐकत! वारसा रक्तातून आला असं म्हणणं सोपं असतं. त्यात ऐकणाऱ्याचे कष्ट पुसले जातात.

मग २०१५ चा चित्रपट. महेश काळ्यांना त्यातल्या गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नवी पिढी या पदांकडे वळली, हे चांगलंच झालं. पण पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकरांचे आणि गळा राहुल देशपांड्यांचा. चित्रपटाला ते चालतं. रंगभूमीवर ती सोय नाही. तिथं खाँसाहेबांचा राग आणि खाँसाहेबांची तान एकाच छातीतून यावी लागते. अशी माणसं तयार व्हायला किती वर्षं आणि किती हिशेबाच्या वह्या लागतात, ते मघाशी पाहिलं.

आणि आता आपलं, श्रोत्यांचं. ज्या नाटकानं घराण्याच्या कडेकोटाला आव्हान दिलं, त्याचंच आपण घराणं करून टाकलं. नवा गायक उभा राहिला की आपण मांडीवर हात ठेवून वाट बघतो: वसंतरावांची ती जागा येते का? आली नाही तर ‘मूळची मजा नाही’. आली तर ‘नक्कल करतोय’. बिचाऱ्यानं करावं काय? वसंतरावांनी दीनानाथांची पूजा केली, पण दीनानाथ गिरवले नाहीत. नक्कल करणारा त्यांचा वारस नव्हे, एवढं तरी आपण त्यांच्याकडून घ्यायला हवं होतं.

शेवटी एक कबुली. आम्ही हे नाटक पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना, अगदी मागच्या रांगेतून. सदाशिवासाठी डोळे भरून आले होते. पुढं आम्ही शिकवायला लागलो. एका वर्षी कांटच्या तासाला वाणिज्य शाखेचा एक मुलगा मागं येऊन बसायचा. नाव पटावर नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आम्ही त्याला उठवलं. नियम आहे, म्हणालो. त्यानं वही मिटली, ‘बरं सर’ म्हणाला आणि गेला. पुन्हा काही दिवस तो व्हरांड्यात, खिडकीशी दिसला. आम्ही पाहिलं, आणि शिकवणं चालू ठेवलं. त्याला आत बोलावलं नाही.

खाँसाहेबांना निदान शेवटच्या अंकात कळलं. आम्हाला कळायला निवृत्ती यावी लागली. मधे इतकी वर्षं आम्ही ‘कट्यार’ची पदं गुणगुणत होतो, हे विशेष.

तेव्हा ‘कट्यार’चं घराणं कोणतं, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर एवढंच आहे: ज्यांना एका दारात जागा मिळाली नाही आणि म्हणून जे चार दारांत शिकले, त्यांचं. पुढच्या वेळी हे नाटक लागलं तर जरूर जा. पण परत येताना आपल्या दाराशी, आपल्या खिडकीशी कोण उभं आहे, ते एकदा बघा.

प्रश्न असतील तर आता घेऊ. आम्ही इथं थांबतो. नमस्कार.