छोट्या पिशवीत काय मावत नाही

'टोट' हा शब्द आपल्या बोलण्यात येण्याआधी आपल्याकडे पिशव्यांची टंचाई होती असं नाही. बाबांच्या जुन्या पँटीची पिशवी, कापड दुकानाचं नाव आणि फोन नंबर छापलेली पिशवी, लग्नात मिळालेली 'चि.' आणि 'चि. सौ. कां.'वाली पिशवी, प्लॅस्टिकच्या वायरने विणलेली पिशवी. शिवाय खांद्यावरची शबनम. (शबनमवर वेगळा लेख होईल. ती दिसली की माणूस कविता करतो किंवा मोर्च्याला जातो असं धरून चालायचे.) यातल्या एकीलाही कोणी कधी 'डिझायनर' म्हटलं नाही. त्या शिवणाऱ्या बाईला किंवा टेलरला तर नाहीच.

आता माझ्याकडची पिशवी. वाढदिवसाला बहिणीने दिली. लिननची, रंग कोऱ्या मांजरपाटाचा, रुंदी-उंची साधारण पंचवीस सेंटिमीटर, बाहेरून कोपऱ्यात छोटं चामड्याचं लेबल. किंमत ₹1,900, कारण बिल आतच राहिलं होतं. ब्रँडचं नाव सांगत नाही; अशा पिशव्या करणारे डझनभर छोटे ब्रँड तुमच्या फीडवर आत्ताही असतील आणि मला बोलायचंय ते त्या सगळ्यांबद्दल. पिशवी 'रोजच्या वापरासाठी' आहे असं तिच्यासोबतच्या कार्डावर लिहिलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझ्या लेखी ही रिक्वायरमेंट आहे आणि ती तपासायची असते. आठ महिने मी ती रोज ऑफिसला नेली.

दिसायला ती सुंदर आहे, हे आधीच मान्य करून टाकते. लिननला पडणाऱ्या सुरकुत्यासुद्धा चांगल्या दिसतात. त्यामागे कारण आहे. हा धागा जवळजवळ ताणलाच जात नाही, त्यामुळे घडी पडली की पडली, कापड परत जागेवर येत नाही. आणि हा धागा येतो जवसाच्या खोडातून. हो, तेच जवस, ज्याची चटणी आमच्या नागपूरच्या घरात भाकरीसोबत असते. फक्त विदर्भात ते तेलबी म्हणून पेरतात, बी काढतात. धाग्यासाठीचं पीक वेगळ्या वाणाचं, उंच आणि कमी फांद्यांचं, आणि ते मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीच्या भागात होतं. तिथे रोपं मुळासकट उपटून शेतातच दवात कुजत ठेवतात, म्हणजे खोडातला लाकडी भाग धाग्यापासून सुटतो. मग ते ठेचायचं, विंचरायचं. एवढी मेहनत असलेल्या कापडाला स्वस्त असा म्हणायचा माझा हट्ट नाही.

पण पिशवीसाठी हे कापड योग्य आहे का? धागा मजबूत आहे, ओला झाला तर आणखी मजबूत होतो, म्हणून पुण्याच्या पावसाची भीती नाही. मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा दुमडला की तो तुटायला लागतो. पिशवी रोज नेमकी कुठे दुमडते? बंदाच्या टोकाशी आणि तळाच्या कोपऱ्यांना. माझ्या पिशवीचे बंद काठाला एकाच सरळ टिपेने जोडलेले होते. कुठलाही टेलर बाजाराची पिशवी शिवताना बंदाच्या टोकाला चौकट मारतो आणि चौकटीत फुली, म्हणजे वजन चारही बाजूंना वाटलं जातं. सहाव्या महिन्यात डावा बंद सुटला. चामड्याचं लेबल मात्र दोनदा टीप मारून बसवलंय, ते ओढूनही निघत नाही. या पिशवीत कशाला महत्त्व दिलंय ते त्या दोन शिवणींत दिसतं.

टोट नेहमीच अशी नव्हती. अमेरिकेतल्या एल. एल. बीन कंपनीने 1944मध्ये जाड कॅनव्हासची जी पिशवी काढली ती बर्फाच्या लाद्या वाहायला होती. तिचं काम एकच होतं, फाटायचं नाही. 2007मध्ये इंग्लंडमध्ये ॲन्या हिंडमार्च या डिझायनरची, 'मी प्लॅस्टिकची पिशवी नाही' अशा अर्थाचं वाक्य छापलेली पिशवी सेन्सबरीजच्या दुकानांत 5 पौंडांना आली. लोकांनी रांगा लावल्या, आणि नंतर ती इंटरनेटवर कैकपट किमतीला विकली गेली. बर्फ वाहणारी पिशवी आता वाक्य वाहू लागली होती. माझ्या पिशवीवर वाक्यही नाही. ते वाक्य आता रंगानेच कळतं.

त्या वाक्याचाही हिशोब करू. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018च्या अहवालात म्हटलंय की पर्यावरणाचे सगळे निकष धरले तर साध्या कापसाची पिशवी 7,100 वेळा वापरावी लागेल, सेंद्रिय कापसाची 20,000 वेळा. तेव्हा ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. रोज एकदा धरलं तर साधारण एकोणीस वर्षं आणि पंचावन्न वर्षं. हे आकडे वादग्रस्त आहेत, फक्त हवामानाचा निकष लावला तर साध्या कापसाला 52 वेळाच पुरतात, आणि नाल्यात अडकलेल्या प्लॅस्टिकचा प्रश्न त्यात येत नाही. मुंबईने 2005मध्ये तुंबलेली गटारं पाहिलीत, 2018मध्ये राज्यात बंदी आली ती उगाच नाही. लिननला हे आकडे जसेच्या तसे लागूही नाहीत. पण सहा महिन्यांत बंद सुटणारी पिशवी कुठल्याच हिशोबात बसत नाही.

तरी माझं खरं भांडण शिवणीशी नाही. ते 'छोटी' या शब्दाशी आहे, आणि तिथे मी स्वतःच दोन्ही बाजूंना आहे.

आई पुण्याला आली तेव्हा तिने पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "यात कोथिंबीर उभी राहील का?" नाही राहत. मेथीची जुडी तर वाकवूनही जात नाही. यात फोन, चाव्या, पाकीट, पाण्याची छोटी बाटली आणि एखादं पातळ पुस्तक मावतं. म्हणजे एका माणसाचं सामान. भाजी मला दहा मिनिटांत दारात मिळते, ती कोणीतरी दुचाकीवरून, त्याच्या मोठ्या चौकोनी पिशवीतून आणतो. माझी पिशवी छोटी राहते कारण ओझं त्याच्या पाठीवर गेलंय.

ही एक बाजू. दुसरी अशी, की आईच्या पर्समध्ये आणि पिशवीत मी आयुष्यभर इतरांच्या वस्तू पाहिल्या. बाबांचा चष्मा, आमचे स्वेटर, आजीच्या गोळ्या, लग्नातून परतताना सगळ्यांचे मोबाइल. "तुझ्या पिशवीत टाक गं" हे वाक्य आमच्या घरात बाबांना कधी कोणी म्हटलं नाही. ज्या पिशवीत दुसऱ्याचं काही मावतच नाही, ती खांद्याला लावून समारंभाला जाण्यात मला जी मजा येते ती मी नाकारणार नाही. मागच्या महिन्यात एका मुंजीत काकांनी जॅकेट पुढे केलं आणि मी नुसती पिशवी दाखवली.

डिझायनरने हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. ठरवलं असतं तर बंद खांद्यावर नीट बसण्याइतका लांब दिला असता. हा कोपरात अडकतो आणि एक हात कायमचा गुंतवून ठेवतो. आतला कप्पाही फोनपेक्षा अरुंद आहे. कोपऱ्यावरच्या टेलरने दोन्ही बंद चौकट-फुली मारून पक्के केले, तीस रुपये घेतले, आणि त्याच पैशात आतून लांबीला एक पट्टीही जोडून दिली. तिचा रंग थोडा वेगळा आहे.