‘असाइन्ड’ मुलूख : एका लॅटिन शब्दाची वऱ्हाडांतील गति

सन १८५३ पासून पुढें अर्धशतक वऱ्हाडाचें सरकारी नांव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असें होतें. आजचा यवतमाळ जिल्हा, म्हणजे १९०५ पूर्वीचा वणी जिल्हा व वाशीमकडील पुसद तालुका, हा त्यांतलाच. या ‘असाइन्ड’चें मराठी कोणी ‘तोडून दिलेला’ असें करतात, कोणी ‘गहाण पडलेला’. दोन्ही अर्थ आम्हांस अग्राह्य वाटतात. हा केवळ शब्दच्छल नव्हे; वऱ्हाडाचा धनी कोण, हा वाद त्यांत गुंतलेला आहे.

मूळ लॅटिन शब्द ‘असिग्नारे’. त्यांतील ‘सिग्नुम्’ म्हणजे खूण. खूण करून एखाद्याच्या वांट्यास लावून देणें, हा धात्वर्थ. रोमन मोजणीदार वसाहतींत जमिनीचे तुकडे पाडून देत, त्यास हाच शब्द. आणि मुक्त केलेल्या दासावरील हक्क एखाद्या मुलाच्या नांवें लावून देण्यासही जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्यें हाच. पहिल्यांत मालकी जाई, दुसऱ्यांत नुसता एक हक्क. अर्थात् निर्णय शब्दावरून नव्हे, लेखावरूनच व्हावयाचा.

आतां लेख पाहावा. २१ मे १८५३ च्या तहानें हा मुलूख मुख्यतः काँटिंजंट फौजेच्या खर्चास लावून दिला. वसुलाचा हिशेब दरसाल निजामास द्यावयाचा व शिल्लक त्याच्याकडे भरावयाची, असें कलम त्यांत आहे. तोडून दिलेल्या मुलखाचा हिशेब कोण कोणास देतो? बरें, गहाण म्हणावें, तर १८६० च्या तहांत ५० लक्षांचें कर्ज सोडलें, धाराशीव व रायचूर दुआब परत केले, तरी वऱ्हाड सुटला नाहीं. उलट हिशेब मागण्याचा हक्क मात्र निजामास सोडावा लागला.

आमच्या मतें यास जवळचा शब्द आपल्याच दप्तरांत आहे, तो ‘सरंजाम’. फौजेच्या बेगमीसाठीं वसूल लावून द्यावयाचा, धनीपण द्यावयाचें नाहीं. भेद इतकाच कीं, येथें सरंजामदार धन्याहून बळकट होता!

१९०२ च्या करारानें ‘असाइन्ड’ जाऊन सालीना २५ लक्षांचा कायमचा पट्टा आला. त्यास कोणी ‘इजारा’ म्हणतात. परंतु यवतमाळकडील कागदांत आढळणारा ‘इजारा’ बहुधा १८६५ च्या पडीत जमिनींच्या नियमांन्वयें दिलेल्या गांवांचा असतो. संग्राहकांनीं सन पाहिल्यावांचून दोहोंची मिसळ करूं नये.