समांतर संगणकीय बांधणीतील क्रमदोष : पीटर मिलर यांच्या निबंधाची समीक्षा

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात सायझिंग झालेले बीम आल्याशिवाय माग सुरू होत नाही. हा क्रम कारागिरास सांगावा लागत नाही. संगणकास मात्र तो लेखी द्यावा लागतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये निर्माण केलेले ‘मेक’ हे साधन अशा अवलंबित्वाच्या नोंदींवरूनच सॉफ्टवेअर-बांधणीचा क्रम ठरविते.

‘रिकर्सिव्ह मेक कन्सिडर्ड हार्मफुल’ (१९९८) या निबंधात मिलर असे प्रतिपादन करतात की, प्रत्येक उपडिरेक्टरीत स्वतंत्र ‘मेक’ चालविल्यास अवलंबित्वाचा आलेख खंडित होतो. अनेक कामे एकाच वेळी चालविली असता हा दोष उघड होतो. हेडर फाईल निर्माण होण्यापूर्वीच तिच्यावर विसंबलेली फाईल कंपाइल होऊ लागते. बांधणी कधी यशस्वी होते, कधी फसते.

हे निदान अचूक आहे. तथापि एकसंध आलेख आवश्यक असला तरी पुरेसा नाही. त्यातही एखादी नोंद राहून गेल्यास तोच दोष उद्भवतो. अशा वेळी कामे एकामागून एक चालविणे हा उपाय नसून दोषावर घातलेले पांघरूण होय. २०२२ च्या ‘ग्नू मेक’ ४.४ मधील ‘शफल’ सुविधा कामांचा क्रम मुद्दाम बदलून अशा राहिलेल्या नोंदी उघड करण्यास साहाय्य करते. सारांश, मिलर यांनी आलेखाच्या अखंडतेचा आग्रह धरला. त्यास नोंदींच्या सत्यतेच्या तपासणीची जोड देणे अगत्याचे आहे.