लेसकामाचे ज्ञान आणि आंतरजालीय अभिलेखागार : एक चिकित्सा

प्रास्ताविक

हस्तकलेचे ज्ञान काही अंशी कागदावर आणि बहुतांशी कारागिराच्या हातात असते. आंतरजालीय अभिलेखागार मुख्यतः कागदावरील ज्ञानाचे जतन करतो. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात उभा राहिलेला विणकामविषयक अंकीय संग्रह याचे ठळक उदाहरण होय. ‘स्नोबोल’ व ‘आयकॉन’ या संगणकभाषांचे प्रमुख निर्माते राल्फ ग्रिसवोल्ड (१९३४-२००६) यांच्या पुढाकाराने साकारलेल्या या संग्रहात लेसकामाचे जुने ग्रंथही समाविष्ट आहेत. अशा संग्रहांचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

योगदान

मोजक्या ग्रंथालयांत बंदिस्त असलेली पुस्तके अशा संग्रहांनी सर्वांसाठी खुली केली, हे त्यांचे निर्विवाद श्रेय आहे. टेरेझ द दिलमाँ यांचा १८८६ मधील सुईकामाचा ज्ञानकोश आज कोणालाही विनामूल्य वाचता येतो. मात्र स्वामित्वहक्काच्या कायद्यामुळे येथे प्रामुख्याने जुने ग्रंथच येतात. अलीकडच्या काळातील शिक्षिकांची पाठ्यपुस्तके बहुधा बाहेर राहतात.

मर्यादा

बॉबिन लेसमध्ये धाग्यांच्या जोड्यांची अदलाबदल आणि पीळ या दोनच मूळ क्रिया असतात. त्यांचा क्रम, धाग्याचा ताण आणि उशीवर टाचणी रोवण्याची वेळ यांवर लेसचा पोत ठरतो. १५६१ मध्ये झुरिक येथे छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात तयार लेसच्या आकृत्या आहेत, कृतीचे टप्पे नाहीत. कारण वाचक हे काम जाणतो, असे तेथे गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक आज उरलेले नाही. त्यातच प्रतिमा घेताना मूळ आकाराची नोंद राहिली नाही, तर त्या नमुन्याला कोणत्या जाडीचा धागा योग्य, हेही कळत नाही.

फ्रान्समधील आलाँसाँच्या सुईलेसचा युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या सूचीत समावेश केला. ती पूर्णपणे शिकण्यास सात ते दहा वर्षांची उमेदवारी लागते. हे ज्ञान प्रत्यक्ष सहवासातूनच पुढे जाते.

दुसरी उणीव श्रेयाची आहे. झुरिकच्या पुस्तकाचा मुद्रक फ्रोशाउअर नावाने परिचित आहे, परंतु ते रचणारी शिक्षिका ‘आर. एम.’ या आद्याक्षरांपलीकडे अज्ञात आहे. भारतातही हाच अनुभव येतो. मारिया मीस यांनी १९८२ च्या ग्रंथात आंध्रातील नरसापूरच्या क्रोशा लेसचा अभ्यास मांडला. ही लेस परदेशी बाजारात जात होती, तरी ती विणणाऱ्या स्त्रियांचे श्रम ‘फावल्या वेळचे काम’ ठरवले जात आणि कामगार म्हणून त्यांची गणना होत नसे. केवळ नमुना जपणारा संग्रह नकळत हीच दृष्टी पुढे चालवतो.

निष्कर्ष

अभिलेखागाराचे मूल्यमापन पृष्ठसंख्येवरून करणे अपुरे आहे. त्याच्या आधारे नवशिक्याला लेस विणता येते काय, हा खरा निकष होय. त्यासाठी चालत्या हातांचे चित्रीकरण, धाग्याचा क्रमांक, नमुन्याचा मूळ आकार आणि कारागिराच्या संमतीने तिचे नाव या चार नोंदी किमान आवश्यक ठरतात. यांपैकी पहिली व शेवटची नोंद कारागीर हयात असतानाच करता येते. म्हणून जुन्या पुस्तकांआधी तिच्याकडे जाणे अगत्याचे आहे.